‘आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड’च्या पुढे: इंग्रजीत मनापासूनची आवड सांगायची तर कुठला शब्द कुणासोबत बसतो

मराठीत गोडी लागते, छंद जडतो, ध्यास घेतो, हौस भागवतो, नाद लागतो आणि मग सुटता सुटत नाही. आता कुणी तुम्हाला म्हणालं की ‘मला वाचनाचा ध्यास जडला आणि मी त्याची गोडी भागवली’, तर व्याकरण सगळं बरोबर असूनही कान टवकारतात ना, लगेच कळतं की हा माणूस मराठी नंतर शिकलाय. हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलेलं नसतं, घरात कानावर पडून पडून बसलेलं असतं. इंग्रजीचंही अगदी असंच आहे, तिथेही प्रत्येक शब्दाचे सोबती ठरलेले आहेत, फक्त ते आपल्या कानावर लहानपणी पडलेले नाहीत म्हणून मुद्दाम बसून शिकायला लागतात.

या जोड्यांना कोलोकेशन म्हणतात. जे. आर. फर्थ नावाच्या ब्रिटिश भाषातज्ज्ञाने ही कल्पना रुजवली, शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून असं त्याने १९५७ साली लिहिलं, आणि गंमत म्हणजे हाच फर्थ त्याआधी १९१९ ते १९२८ लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होता.

मी संध्याकाळी इंग्रजीचे क्लास घेते, सोबत मुलांची एसओपी (म्हणजे विद्यापीठाच्या प्रवेशासाठी लिहायचं ‘मला हे का शिकायचंय’ असं पत्र), कव्हर लेटर वगैरे तपासून देते, आणि दहातल्या सात-आठ कागदांची सुरुवात ‘आय ॲम हॅविंग व्हेरी मच इंटरेस्ट’ नाहीतर ‘आय ॲम व्हेरी पॅशनेट’ अशीच असते. मुलगा खरंच त्या विषयासाठी जीव टाकत असतो हो, समोर बसून बोलताना डोळे चमकत असतात त्याचे, आणि कागदावर मात्र ते सगळं सपाट होऊन जातं, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून काढलंय, एका बसणीत संपवू नका, रोज एक पायरी घ्या.

पहिली पायरी: आधी तीन जुन्या सवयी सोडा

नवीन शब्द नंतर. आधी हे.

‘आय ॲम हॅविंग इंटरेस्ट’ पूर्ण बंद. हॅविंग चालतं ते ‘आय ॲम हॅविंग लंच’मध्ये, कारण जेवण ही आत्ता चाललेली क्रिया आहे. आवड ही चाललेली क्रिया नाही, ती असते. म्हणून ‘आय हॅव’. आणि त्याच्या मागोमाग ‘अ’ येतो, ‘आय हॅव अ कीन इंटरेस्ट इन हिस्टरी’. हा एवढासा ‘अ’ आपल्याकडे सर्रास गळतो कारण मराठीत त्याच्यासारखं काही नाहीच. ‘टेक इंटरेस्ट’ पण आपण बिनधास्त म्हणतो, तेही ‘टेक ॲन इंटरेस्ट’ असं हवं.

दुसरं, लहानपणापासून. मराठीत ‘मला लहानपणापासून चित्रकलेची आवड आहे’, इथे ‘आहे’ असल्यामुळे आपण सरळ ‘आय ॲम इंटरेस्टेड इन पेंटिंग सिन्स चाइल्डहूड’ लिहून मोकळे होतो. इंग्रजीत सिन्स आला की क्रियापदाला तेव्हापासून आत्तापर्यंतचा सगळा काळ पोटात घ्यावा लागतो: ‘आय हॅव बीन इंटरेस्टेड इन पेंटिंग सिन्स चाइल्डहूड’, किंवा ‘आय हॅव लव्ह्ड पेंटिंग सिन्स आय वॉज अ चाइल्ड’.

तिसरं इंटरेस्टेड आणि इंटरेस्टिंग. रस वाटतो तो माणूस इंटरेस्टेड, ज्याच्यात रस वाटतो ते इंटरेस्टिंग. ‘आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग इन युवर कंपनी’ याचा अर्थ मी फार भारी माणूस आहे असा होतो. फॅसिनेटेड-फॅसिनेटिंग, एक्सायटेड-एक्सायटिंग यांनाही हाच नियम.

दुसरी पायरी: मागे कुठला छोटा शब्द येतो

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, इथे वेळ द्या. आवडीचा शब्द बरोबर आणि त्याच्या मागचा छोटा शब्द चुकीचा, असं झालं की अख्खं वाक्य घसरतं.

इंटरेस्टच्या मागे ‘इन’. नेहमी इन, फॉर नाही, अबाउट नाही. हे लक्षात ठेवायला माझ्याकडे एक चावी आहे. इंटरेस्ट हा शब्द लॅटिन ‘इंटर’ आणि ‘एसे’ यांच्यातून आला, इंटर म्हणजे मध्ये, एसे म्हणजे असणं. आणि हे दोन्ही शब्द आपल्या ‘अंतर्’ आणि ‘अस्’ धातूचे लांबचे भाऊबंद आहेत, एकाच जुन्या भाषाकुळातले. म्हणजे इंटरेस्ट म्हणजे मुळात आत असणं, मध्ये असणं. एकदा हे डोक्यात बसलं की फॉर लावायला हात धजावत नाही. आणि मराठीचा ‘त’ पण मदतीला येतो बघा, ‘शिकण्यात रस’, यातला शेवटचा ‘त’ म्हणजे इन आणि ‘शिकणं’ म्हणजे लर्निंग, म्हणून ‘इंटरेस्टेड इन लर्निंग’. ‘इंटरेस्टेड इन लर्न’ लिहावंसं वाटलं की मनात मराठी म्हणून बघा, ‘शिक-त रस’ असं आपण कधी म्हणतो का?

अबाउटवाले खूप आहेत: पॅशनेट अबाउट, क्रेझी अबाउट, एन्थुझियास्टिक अबाउट, क्युरिअस अबाउट, एक्सायटेड अबाउट. आता इथे एक खड्डा आहे ज्यात जवळजवळ प्रत्येक जण पडतो. पॅशनेट असेल तर अबाउट, पण पॅशन असेल तर ‘फॉर’. ‘आय ॲम पॅशनेट अबाउट टीचिंग’, पण ‘आय हॅव अ पॅशन फॉर टीचिंग’. एन्थुझियास्टिक अबाउट पण एन्थुझियाझम फॉर, तसंच. फॉरच्या घरात अजून कोण कोण राहतं तर थर्स्ट फॉर नॉलेज, हंगर फॉर सक्सेस, ॲपेटाइट फॉर रिस्क. तहान, भूक सगळी फॉरकडे, असं लक्षात ठेवा.

कीनला दोन वाटा आहेत. वस्तू किंवा विषय असेल तर ऑन, ‘शी इज कीन ऑन फोटोग्राफी’. काही करायची इच्छा असेल तर टू, ‘आय ॲम कीन टू जॉइन’. इगर मात्र टूच घेतो बहुतेक वेळा, ‘इगर टू लर्न’. इगरच्या जागी काही जण ‘ॲन्क्शस टू’ लिहितात, ते चूक नाही पण त्यात काळजीची छटा आहे, मुलाखतीला जाताना कशाला, इगर लिहा.

हुक्ड ऑन, ऑब्सेस्ड विथ, फॅसिनेटेड बाय, फाँड ऑफ. हे चार नुसते घोका, यांना काही युक्ती नाही. फॅसिनेटेड विथ पण चालतं.

तिसरी पायरी: ‘खूप’ कसं म्हणायचं

आपल्या मराठीत ‘खूप’ सगळीकडे चालतं, खूप आवडतं, खूप वेड, खूप उत्सुक. इंग्रजीत व्हेरी तसा सगळीकडे चालत नाही.

इंटरेस्ट या नामाला जोरदार करायचं असेल तर आधी हे सोबती वापरा: कीन इंटरेस्ट, स्ट्राँग इंटरेस्ट, डीप इंटरेस्ट, जेन्युइन इंटरेस्ट, ॲक्टिव्ह इंटरेस्ट. सगळ्यांची चव वेगळी आहे. कीनमध्ये उत्साह आहे, डीपमध्ये बरीच वर्षं आत मुरलेली गोष्ट आहे, जेन्युइन म्हणजे दिखाऊ नाही, मतलबी नाही. ॲक्टिव्ह म्हणजे नुसतं आवडत नाही तर माणूस स्वतः उठून काहीतरी करतो, उदाहरणार्थ आजोबा नातवाच्या अभ्यासात रोज लक्ष घालतात, तर ‘ही टेक्स ॲन ॲक्टिव्ह इंटरेस्ट इन हिज ग्रँडसन्स स्टडीज’. किती नेमकं बसतं बघा, नुसत्या ‘व्हेरी इंटरेस्टेड’ला ते जमलंच नसतं.

‘हाय इंटरेस्ट’ लिहू नका. इंटरेस्ट म्हणजे व्याज पण असतं, आणि हाय आला की वाचणाऱ्याच्या डोक्यात बँक येते, हाय इंटरेस्ट रेट, हाय इंटरेस्ट लोन. आणि ‘व्हेस्टेड इंटरेस्ट’ तर चुकूनही आवड या अर्थाने नको, ते म्हणजे स्वार्थ गुंतलेला असणं, हितसंबंध. एका मुलाने कंपनीला पाठवायच्या पत्रात ‘आय हॅव अ व्हेस्टेड इंटरेस्ट इन युवर ऑर्गनायझेशन’ लिहून आणलं होतं, कुठेतरी वाचून भारदस्त वाटलं म्हणून, पाठवायच्या आदल्या संध्याकाळी सापडलं म्हणून निभावलं.

इंटरेस्टेड या विशेषणाला: कीनली इंटरेस्टेड, डीपली इंटरेस्टेड, जेन्युइनली इंटरेस्टेड, पर्टिक्युलरली इंटरेस्टेड. शेवटचा माझा सगळ्यात लाडका, कारण तो वापरला की पुढे नेमकं काहीतरी सांगावंच लागतं. ‘आय ॲम पर्टिक्युलरली इंटरेस्टेड इन सॉइल केमिस्ट्री’ म्हटलं की समोरच्याला कळतं, याने नीट विचार केलाय. ‘व्हेरी मच इंटरेस्टेड’ व्याकरणाने चूक नाही, पण जुन्या सरकारी पत्रासारखं वाटतं. साधं ‘व्हेरी इंटरेस्टेड’ किंवा बोलताना ‘रिअली इंटरेस्टेड’ त्याच्यापेक्षा कितीतरी छान.

मग काही शब्द असे आहेत की ज्यांच्यात ‘खूप’ आधीच भरलेलं आहे. फॅसिनेटिंग, ऑब्सेस्ड, हुक्ड. यांना व्हेरी लावलं की अडखळल्यासारखं होतं, यांना ‘अगदी, पुरता, संपूर्ण’ या जातीचे शब्द लागतात: ॲब्सोल्युटली फॅसिनेटिंग, कम्प्लीटली ऑब्सेस्ड, टोटली हुक्ड. मराठीत पण आपण ‘खूप ठार वेडा’ म्हणत नाही, ‘ठार’मध्येच सगळं आलं.

कुतूहलासाठी एक सुंदर जोडी आहे, ‘इनसेशिएबल क्युरिऑसिटी’, न शमणारं कुतूहल. इनसेशिएबल हा ॲपेटाइट आणि थर्स्टसोबत पण जातो. पण लिहिताना एकदाच वापरा, दोनदा आला की कृत्रिम वाटतं.

चौथी पायरी: आवड येते, वाढते, जाते, त्याची क्रियापदं

मराठीत गोडी लागते तसं इंग्रजीत इंटरेस्ट ‘डेव्हलप’ करतात, ‘आय डेव्हलप्ड ॲन इंटरेस्ट इन ॲस्ट्रॉनॉमी ॲट स्कूल’. एखाद्या गोष्टीने ठिणगी टाकली तर ‘स्पार्क’, ‘अ स्कूल ट्रिप स्पार्क्ड माय इंटरेस्ट’. स्पार्क म्हणजे ठिणगीच, म्हणून ही जोडी आपल्याला चटकन पटते. थोडं कुतूहल चाळवलं तर ‘पीक’, आणि इथे स्पेलिंग सांभाळा, पी आय क्यू यू ई असं आहे ते, डोंगराचं शिखर असतं तो पीक नाही आणि डोकावणारा पीक पण नाही. उच्चार तिन्हीचा एकच असल्यामुळे चांगले चांगले लोक चुकतात.

इंटरेस्ट दाखवायचा तर शो, लेखी कळवायचा तर एक्स्प्रेस. सरकारी टेंडरच्या जाहिरातीत ‘स्वारस्य अभिव्यक्ती’ असतं ना, ते या ‘एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट’चंच मराठी. टिकवला तर होल्ड, गेला तर लूज, ‘ही लॉस्ट इंटरेस्ट आफ्टर अ वीक’. लूजमध्ये मध्ये ‘ॲन’ येत नाही, हे लक्षात असू द्या. ई-मेलला अजून एक तयार वाक्य कामाला येतं: ‘आय रेड युवर आर्टिकल विथ ग्रेट इंटरेस्ट’, इथेही अ नाही.

पाचवी पायरी: माणसालाच विशेषण लावा

इंग्रजीत बऱ्याचदा ‘त्याला वाचनाची खूप आवड आहे’ असं न म्हणता ‘तो जबरा वाचक आहे’ अशी मांडणी करतात, आणि ती फार सहज वाटते. ॲव्हिड रीडर, ॲव्हिड कलेक्टर, ॲव्हिड सायक्लिस्ट. कीन गार्डनर, कीन क्रिकेटर, हे ब्रिटिश वळणाचं. व्होरेशिअस रीडर म्हणजे अधाशासारखा वाचणारा, पण व्होरेशिअस सायक्लिस्ट होत नाही कारण व्होरेशिअसमध्ये खाणं आहे, पुस्तकं खाता येतात, सायकल नाही. आर्डंट सपोर्टर, आर्डंट ॲडमायरर.

आणि डाय-हार्ड फॅन. आपल्याकडे निम्मे लोक ‘डाय हार्ट फॅन’ म्हणतात, हृदयाशी संबंध वाटतो म्हणून, पण ते हार्ड आहे, सहजासहजी न मरणारा. स्पेनमध्ये १८११ साली आल्बुएराच्या लढाईत भयंकर नुकसान सोसून जागा न सोडणाऱ्या ५७व्या ब्रिटिश पलटणीला ‘डाय-हार्ड्स’ हे नाव पडलं. टीम दहा मॅच हरली तरी जागा न सोडणारा तो डाय-हार्ड फॅन.

‘क्रेझ’बद्दल पण सांगून टाकते. आपण म्हणतो ‘मला बाइकची क्रेझ आहे’. इंग्रजीत क्रेझ ही सहसा लोकांमध्ये काही दिवस पसरणारी लाट असते, एकट्या माणसाची आवड नाही. स्वतःबद्दल सांगताना ‘आय ॲम क्रेझी अबाउट बाइक्स’ म्हणा.

सहावी पायरी: कुठे बोलताय ते बघा

मित्रांशी गप्पा मारताना कुणी ‘आय हॅव अ कीन इंटरेस्ट इन बिर्याणी’ म्हणत नाही. तिथे ‘आय ॲम रिअली इनटू...’, ‘आय ॲम हुक्ड’, ‘आय कान्ट गेट इनफ ऑफ इट’. इनटू हा छोटासा शब्द शिकून घ्याच, ‘शी इज रिअली इनटू ट्रेकिंग’, अमेरिकेत तर कीन ऑनपेक्षा हाच जास्त कानावर पडतो. आपण म्हणतो ना ‘त्याला ट्रेकिंगचा किडा चावलाय’, इंग्रजीतही अगदी तोच किडा आहे, ‘बिटन बाय द ट्रॅव्हल बग’. एखादी गोष्ट आपल्या आवडीत चपखल बसत असेल तर ब्रिटनमध्ये ‘राइट अप माय स्ट्रीट’ आणि अमेरिकेत ‘राइट अप माय ॲली’.

अर्जात, मुलाखतीत, एसओपीत हे सगळं बाजूला ठेवायचं आणि कीन, पर्टिक्युलरली, जेन्युइनली यांच्याकडे यायचं. आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांसाठी खास, स्पीकिंग परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते, पहिल्या भागात घर, छंद, आवडीनिवडी असेच प्रश्न येतात, आणि मार्क देण्याच्या चार निकषांपैकी एक शब्दसंपत्तीचा आहे ज्यात या जोड्या कशा वापरता तेही बघतात. तिथे गप्पांची भाषा चालते, पाठ केलेली भारी वाक्यं उलट चटकन ओळखू येतात.

आणि पॅशनेट. माझं स्पष्ट मत आहे की अख्ख्या अर्जात तो एकदाच यावा, तोही पुढे पुरावा असेल तरच. साधं ‘आय लव्ह’ पुष्कळदा जास्त खरं वाटतं.

एक वाक्य जवळून बघू

मागच्या वर्षी निफाडकडचा एक मुलगा डेटा ॲनालिटिक्सच्या एमएससाठी एसओपी घेऊन आला. पहिलं वाक्य: ‘आय ॲम हॅविंग व्हेरी मच इंटरेस्ट अबाउट डेटा सिन्स चाइल्डहूड’.

आधी व्याकरण सरळ केलं: ‘आय हॅव हॅड अ कीन इंटरेस्ट इन डेटा सिन्स चाइल्डहूड’. चूक एकही नाही, पण वाचून त्याचा चेहरा काही खुलला नाही, माझाही नाही, कारण हे वाक्य कुणाचंही असू शकतं. मग मी त्याला पेन खाली ठेवायला लावलं आणि विचारलं, की नक्की कधी, काय करताना वाटलं तुला हे? तर म्हणाला, मॅडम, आमची द्राक्षाची बाग आहे, ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्या बाबा कॅलेंडरवर लिहायचे, अकरावीत असताना मी ते सगळं एक्सेलमध्ये टाकायला लागलो आणि मग पाऊस आणि डावनी (द्राक्षावरचा रोग) कधी एकत्र येतात ते दिसायला लागलं. वीस मिनिटं बोलत होता. लहानपणापासून वगैरे काही नव्हतंच, अकरावीपासून होतं.

शेवटी झालेलं वाक्य असं: ‘आय बिकेम फॅसिनेटेड बाय डेटा ॲट सिक्स्टीन, व्हेन आय स्टार्टेड रेकॉर्डिंग द स्प्रे डेट्स ऑफ अवर व्हिनयार्ड इन अ स्प्रेडशीट’. त्याच्या पुढच्या वाक्यात ‘आय ॲम पर्टिक्युलरली इंटरेस्टेड इन प्रेडिक्टिंग क्रॉप डिसीज’. पॅशनेट कुठेच नाही, व्हेरी कुठेच नाही, आणि तरी त्याची तळमळ दिसते. तुमच्या वाक्यावरही हेच करा, आधी छोटा शब्द आणि क्रियापद दुरुस्त, मग योग्य सोबती, आणि मग स्वतःला विचारा की नक्की कधी आणि काय करताना.

सातवी पायरी: शंका आली तर कुठे बघायचं, आणि सराव

जोडी बरोबर की नाही हे तपासायला गूगलमध्ये ती दुहेरी अवतरण चिन्हात टाकून शोधा, आणि नुसता आकडा बघू नका, चार-पाच निकाल उघडून कोण लिहितंय, कुठल्या अर्थाने लिहितंय ते वाचा. गूगलचा एनग्रॅम व्ह्यूअर छापील पुस्तकांमध्ये कुठली जोडी किती वेळा आली त्याचा आलेख काढून देतो, ‘कीन इंटरेस्ट’ आणि ‘हाय इंटरेस्ट इन’ शेजारी शेजारी टाकून बघा, मजा येते. अमेरिकन वापर बघायचा तर मार्क डेव्हिस यांनी उभा केलेला ‘कोका’ हा एक अब्जाहून जास्त शब्दांचा संग्रह आहे, त्यात इंटरेस्ट टाकलं की त्याच्या आजूबाजूला कोण बसतं ते दिसतं.

वहीत सुटे शब्द लिहू नका. डाव्या पानावर आपलं नेहमीचं मराठी वाक्य, उजव्या पानावर पूर्ण इंग्रजी वाक्य, छोट्या शब्दाखाली रेघ. आठवड्याला पाच पुरेत, पण ती तुमच्या घरातली, तुमच्या माणसांची हवीत, आणि मोबाइलवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून बसमध्ये ऐका.

सुरुवातीला ही सहा घ्या. उत्तर वाचायच्या आधी स्वतः करून बघा.

त्याला गड-किल्ल्यांचं ठार वेड आहे: ‘ही इज क्रेझी अबाउट फोर्ट्स’.

आईला बागकामाची मनापासून हौस: ‘माय मदर इज अ कीन गार्डनर’.

मला लहानपणापासून पक्ष्यांचं फार कुतूहल: ‘आय हॅव बीन फॅसिनेटेड बाय बर्ड्स सिन्स आय वॉज अ चाइल्ड’.

मला तुमच्या टीममध्ये यायची खूप इच्छा आहे: ‘आय ॲम कीन टू जॉइन युवर टीम’, आणि शेवटी ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’, हिअर नाही, हिअरिंग.

तिचा त्यातला रसच गेला: ‘शी हॅज लॉस्ट इंटरेस्ट इन इट’.

मला ते काही फारसं आवडत नाही: ‘आय ॲम नॉट दॅट कीन ऑन इट’. आणि हे उलट बाजूने पण लक्षात ठेवा, एखादा इंग्रज साहेब मीटिंगमध्ये तुमच्या प्रस्तावाला ‘नॉट टेरिब्ली कीन’ म्हणाला तर तो थोडा उत्सुक आहे असं समजू नका, तो सभ्य शब्दात नाही म्हणतोय.